उंची कमी करून मिळेल

प्रत्येक माणसाची धडपड वर चढण्यासाठी असते, असा आमचा आजवरचा समज होता. कारकुनाला अधिकारी व्हायचं असतं, अधिकाऱ्याला मॅनेजर व्हायचं असतं आणि मॅनेजरला झोनल ऑफिसात जाऊन तिथल्याही वरच्या मजल्यावर बसायचं असतं. बुटका माणूस उंच टाचांचे बूट घालतो. एकमजली घरवाला दुसऱ्या मजल्याच्या सळया गच्चीवर उघड्या ठेवून देतो आणि पाहुण्यांना त्या सळयांकडे बोट दाखवून ‘वर काढायचंय पुढं’ असं सांगत राहतो. भूजलाची पातळी सोडली तर आमच्या मराठवाड्यात खाली जाणाऱ्या वस्तूचं कुणाला कौतुक नव्हतं. भूजलाचंही नाहीच, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा खाली जाण्यात काय मजा असते ते साऱ्या जिल्ह्यानं पाहिलं. आणि आता त्याच लातुरात आणि आमच्या नांदेडात पोरं पदरचे पैसे देऊन एक वस्तू खाली नेऊ लागली आहेत. ती वस्तू म्हणजे मोटारगाडी. ‘गाडीची उंची कमी करून मिळेल’ ही पाटी आम्ही या डोळ्यांनी वाचली. शेजारच्या दुकानावर ‘मुलांची उंची वाढवण्याचे औषध मिळेल’ अशी पाटी होती. दोन्हींकडे गिऱ्हाईक होतं.

आमचा या प्रकाराला विरोध आहे. तो लेखी आहे, सकारण आहे आणि बँकेच्या रिवाजाप्रमाणे मुद्देवार आहे. आता कुणी म्हणेल, तुम्ही बी. कॉम. झालेले बँकेतले कारकून, स्प्रिंगेशी तुमचा संबंध स्टेपलरपुरता, मोटारीतलं तुम्हाला काय कळतं? प्रश्न रास्त आहे. पण ज्याला जमाखर्च कळतो त्याला मोटार निम्मी कळते. राहिलेली निम्मी आम्ही वजिराबादच्या पलीकडे एका मिस्त्रीच्या बाकड्यावर बसून, त्याच्या पैशाच्या चहावर शिकलो आहोत. वाहनकर्जाच्या फायली हाताळता हाताळता वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गाडी विकत घेणारा माणूस, गाडी वापरणारा माणूस आणि गाडीचे हप्ते भरणारा माणूस हे तीन निरनिराळे इसम असतात, हे आमच्या पक्कं लक्षात आलं आहे. या लेखाचं सारं सार त्यातच आहे, पण एवढ्यावर लेख संपवला तर संपादक मानधन देणार नाहीत.

तर आधी वस्तुस्थिती. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत चाकागणिक एक गोल वेटोळ्यांची स्प्रिंग असते. जुन्या जीपला आणि ट्रकला कमानीचे पाटे असत, अजूनही असतात. तो वेगळा घराणा. स्प्रिंगेचं काम रस्त्याचा धक्का पोटात घालणं, आणि शॉकअपचं काम धक्का खाल्लेल्या स्प्रिंगेला ‘पुरे आता’ म्हणून गप्प बसवणं. थोडक्यात, स्प्रिंग म्हणजे सासुरवाशीण आणि शॉकअप म्हणजे समजूतदार नवरा. दोघांचं जमलं की घर शांत. कंपनी या दोघांच्या पत्रिका जुळवून लग्न लावून देते. मग पोरगं गाडी घरी आणतं आणि हे लग्न मोडायला निघतं.

मोडण्याचे प्रकार दोन. पहिला सभ्य. आखूड आणि जास्त कडक स्प्रिंगांचा तयार संच मिळतो, तो बसवला की गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली येते. कडक अशासाठी की खाली आलेल्या गाडीला लवायला जागा कमी उरते; स्प्रिंग नरम ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपल्या रबरी गुटक्यावर आपटेल. दुसरा प्रकार आपला देशी. मूळच्याच स्प्रिंगेचं एक वेटोळं ग्राइंडरनं कापून टाकायचं. खर्च चहापाण्याचा. पण सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की उरलेली पाच वेटोळी सहापेक्षा वीस टक्के कडक होतात, हे त्रैराशिक कापणाऱ्याला ठाऊक नसतं. शिवाय कंपनीनं ते टोक नीट वळवून त्याच्या खाचेत बसवलेलं असतं. कापलेलं टोक त्या खाचेत भाड्यानं राहिल्यासारखं राहतं. मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं की आखूड स्प्रिंग सैल पडते आणि प्रसंगी जागा सोडते. गाडी चालू असताना स्प्रिंगेनं जागा सोडली तर पुढं काय होतं, ते सांगायला गाडीतला माणूस दरवेळी उरतोच असं नाही. काही महाभाग तर गॅसच्या बत्तीनं स्प्रिंग लालबुंद करून तिला खाली ‘बसवतात’. पोलादाला पाणी देऊन जी ताकद आणलेली असते ती त्या बत्तीनं जाते. मग ती स्प्रिंग पुढं स्वतःहून बसत जाते किंवा एके दिवशी मोडते.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं. ते आम्ही प्रामाणिकपणे मांडतो, कारण प्रतिपक्षाची बाजू न ऐकता निकाल देण्याचा अधिकार फक्त बायकोला असतो. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी कलते आणि रस्त्याला धरून राहते. खरं आहे. शर्यतीच्या गाड्या जमिनीला घासतील की काय इतक्या खाली असतात, हेही खरं. पण शर्यतीचा रस्ता आरशासारखा असतो, त्यावर म्हैस नसते, समोरून उसाची ट्रॉली येत नसते, आणि मुख्य म्हणजे शर्यतवाल्याला शर्यत संपल्यावर गल्लीत शिरून घरी जायचं नसतं.

आमचा रस्ता कोणता? नांदेडहून निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचायचं. ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तो आता बराचसा चौपदरी झाला आहे आणि चांगला झाला आहे, हे आम्ही खुल्या दिलानं मान्य करतो. पण महामार्गावर कुणाचं घर नसतं. घर असतं ते महामार्ग सोडल्यावर लागणाऱ्या दीड किलोमीटरात, आणि त्या दीड किलोमीटरात आमची काळी माती असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घातलेला रस्ता दर वर्षी श्वास घेतो आणि सोडतो. चार पावसाळ्यांत त्याच्या लाटा होतात. अशा रस्त्यावर गाडी खाली करून फिरणं म्हणजे गोदावरीला पूर आलेला असताना धोतर आणखी खाली सोडण्यासारखं आहे.

आणि गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: गोल पाठीचा, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. आता आमच्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर जागा झाला म्हणून हिशेब केला. छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४ मीटर अंतर. अशी गाडी या गतिरोधकावर चढली की पुढची-मागची चाकंही उंचवट्यावरच असतात, आणि मधला फुगवटा गाडीच्या पोटाकडून जेमतेम ४ सेंटिमीटर जागा मागतो. म्हणजे नियमातला गतिरोधक सज्जन आहे. खाली केलेली गाडीसुद्धा त्याच्यावरून जाईल. पण असा सज्जन आमच्या वस्तीत राहत नाही. आमच्याकडे घरात लग्न निघालं की दारात मांडव आणि मूल झालं की दारात गतिरोधक घालतात. तो घालणारा गवंडी असतो आणि मापाचं प्रमाण म्हणजे घरमालकाचा राग. गुंडाळलेल्या वळकटीसारखा तो अरुंद असतो, त्यामुळे पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे आणि मध्ये सगळी वळकटी पोटाखाली. तो पूर्ण उंची मागतो. गाडीखालची मोकळी जागा साधारण १७ सेंटिमीटर. स्प्रिंगेनं घेतले ४, राहिले १३. चार माणसं आणि लग्नाचा आहेर बसला की गेले आणखी ३. राहिले १०. वळकटी १२ सेंटिमीटरची. दोन सेंटिमीटरची तूट. ही तूट ऑइलच्या चेंबरमधून वसूल होते. आमच्या बँकेत चेक क्लिअर झाला नाही तर निदान तो परत येतो; खालचं चेंबर फुटल्यावर त्यातलं ऑइल परत येत नाही.

गाडी खाली करण्याची हौस जिथं रुजली, तिथल्या लोकांचं आम्हाला कौतुक आहे. अमेरिकेत लॉस एंजलिस आणि त्याच्या आसपास मेक्सिकन वंशाच्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही तऱ्हा चालवली. डिकीत वाळूची पोती टाकायची, स्प्रिंगा कापायच्या, आणि गोऱ्यांच्या गाड्या भरधाव जात असताना आपली गाडी जमिनीलगत आणि अगदी हळू चालवत साऱ्या रस्त्याला दाखवायची. त्यात एक मानी हट्ट होता. कॅलिफोर्निया सरकारनं १९५८ साली कायदा केला की चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली येता कामा नये. लगोलग १९५९ मध्ये रॉन अगीरे नावाच्या तरुणानं विमानातले हायड्रॉलिकचे भाग आपल्या गाडीला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की गाडी खाली. ते निर्बंध उठायला २०२४ साल उजाडावं लागलं. सांगायचा मुद्दा हा की त्या पोरांनी गाडी खाली नेली तेव्हा ती वर आणायची सोयही स्वतःच्या डोक्यानं आणि स्वतःच्या खर्चानं केली.

आमच्या भाच्यानंही सोय केली आहे. त्याचं हायड्रॉलिक म्हणजे त्याची आजी.

हा भाचा लातूरचा, औसा रोडला राहणारा. गाडी घेतली तेव्हा दाजींनी सोयाबीन विकून वरची रक्कम भरली, बाकीचं सात वर्षांचं कर्ज. गाडी घेण्याचं कारण कर्जाच्या अर्जात नसतं, पण घरात सर्वांना ठाऊक होतं: आमची आई नांदेडला आमच्याकडे असते, तिचं वय ७८, मणक्यात गॅप, आणि तिचे हाडांचे डॉक्टर लातूरला. दर दोन महिन्यांनी तिला न्यायचं-आणायचं. गाडी आल्यावर तिसऱ्या महिन्यात भाच्याचा फोन आला.

“मामा, गाडी खाली करायलोय.”

“कुठून खाली? माळ्यावर ठेवली होतीस का?”

“तसं न्हाई ओ मामा. लूक येतो. तुमाला नाही कळायचं.”

लूक आला. मग आजीला न्यायला गाडी आली. आमच्या गल्लीच्या पहिल्या गतिरोधकाशी गाडी थांबली आणि नातू मागं वळून अदबीनं म्हणाला, “आजी, जरा उतरती का? एवढा पार करतो.” आजी उतरली. दार धरून, कमरेवर हात ठेवून, ‘विठ्ठला’ म्हणत उतरली. गाडी तिरकी होऊन, एकेक चाक उचलत, मांजरानं ओल्यात पाय टाकावा तशी गतिरोधक ओलांडून गेली. आजी चालत पलीकडे गेली आणि पुन्हा चढली. नांदेडच्या घरापासून लातूरच्या डॉक्टरांपर्यंत ती सात वेळा उतरली आणि सात वेळा चढली. ज्या पाठीसाठी गाडी घेतली ती पाठच गाडीचा जॅक झाली. सातव्यांदा चढताना ती एवढंच म्हणाली, “लेकरा, ह्यापेक्षा यष्टी बरी की रे. यष्टीत एकदाच चढावं लागतंय.”

आमच्या विरोधाला याहून वेगळं कारण लागत नाही. पण मुद्देवार लिहायचं कबूल केलं आहे, म्हणून पुढचा मुद्दा: कुरकुर.

गाडी खाली केली की ती बोलायला लागते. आधी ‘करकर’, मग ‘किर्र’, आणि स्टिअरिंग वळवलं की मध्येच ‘टण्ण’. उभ्या गाडीत नुसता माणूस बसला तरी जुन्या लाकडी पलंगासारखा आवाज. आता खरा बहाद्दर असेल तर विचारील की ही का बोलते? पण नाही. आमच्याकडे बोलणाऱ्याला काय झालंय ते विचारण्याआधी त्याचं तोंड कशानं बंद होईल ते पाहतात. बँकेतली तक्रारवही याच तत्त्वावर चालते. भाच्यानं आधी जळकं ऑइल ओतलं, मग स्प्रे मारला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून खोबरेल तेल. आठवडाभर गाडी गप्प आणि चंपी केल्यासारखी घमघमत होती. मग धूळ चिकटली, तेल-मातीचं उटणं झालं आणि आवाज दुप्पट. शेवटी गाडी आमच्या मिस्त्रीकडे आणली. त्यानं एकदा खाली वाकून पाहिलं आणि आमच्या नांदेडच्या दखनीत म्हणाला, “साब, स्प्रिंग छोटी करको लाए, आवाज बडी हो गई तो मेरेकू पूछते.”

मग त्यानं जे दाखवलं ते आम्ही इथं फुकट देतो. दुकानदार ते पैसे घेऊनही सांगत नाहीत. आवाज कुठला आहे ते आधी ओळखायचं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवल्यावर ‘टण्ण’ झालं तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग अडतंय; स्प्रिंग फिरायची ती पीळ खाते आणि एकदम सुटते. गाडीचा कोपरा हातानं दाबल्यावर ‘करकर’ झालं तर स्प्रिंगेच्या वरचं किंवा खालचं रबर गेलंय, किंवा बुश पिळलेत. बारीक खड्ड्यांत ‘टकटक’ झालं तर आडव्या दांड्याच्या लिंका नाहीतर त्याचे रबर ढिले. आवाजाला जात असते. सगळ्यांना एकच तेल चालत नाही.

भाच्याच्या गाडीत तीन पापं निघाली. पहिलं: नवी स्प्रिंग घालताना वरची-खालची रबरं पुन्हा घातलीच नव्हती. पोलादावर पोलाद. ते करकरणार नाही तर काय ओव्या म्हणणार? दुसरं: स्प्रिंगेचं टोक खालच्या वाटीतल्या आपल्या खाचेत नव्हतं, बोटभर पुढं जाऊन बसलं होतं, आणि शेवटची दाट वेटोळी एकमेकांवर घासत होती. त्याला उपाय असा की टोक खाचेला टेकवायचं आणि घासणाऱ्या वेटोळ्याला प्लास्टिकची नळी चढवायची. तिसरं पाप सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठं. गाडी जॅकवर, चाकं लोंबती, आणि तशा अवस्थेत खालच्या दांड्यांचे बोल्ट गच्च आवळलेले. त्या दांड्यांच्या बुशात रबर असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते रबर जन्मभर पिळलेलं राहतं, कुरकुरतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते हातानं लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग शेवटचा पीळ द्यायचा. हे दहा मिनिटांचं काम कुणी करत नाही, कारण गाडीखाली वाकून शिरावं लागतं आणि गाडी खाली केलेली असल्यामुळे शिरायला जागा नसते!

आणि रबराला साधं खनिज ग्रीस फासू नका. नैसर्गिक रबर त्यानं फुगतं आणि सडतं. सिलिकॉनचं ग्रीस मिळतं, तेच लावायचं, आणि तेही बोटभर. आमच्या आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. आजोबा आस करकरली की आधी कुणी काढून चाक बघत, धाव बघत, आणि नंतर वंगण घालत. त्यांना ग्राउंड क्लिअरन्स हा शब्द माहीत नव्हता, पण करकर म्हणजे आसाचा निरोप आहे हे माहीत होतं. वंगण हे बरं करण्यासाठी असतं, दडपण्यासाठी नसतं. आमचं सारं भांडण या एका वाक्याचं आहे. आवाज मारून टाकला की दोष तसाच राहतो, फक्त कळायचा बंद होतो.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं ५२ वं कलम गाडीत केलेल्या फेरफारांचं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागं ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. स्प्रिंग या तरतुदीत कुठवर बसते यावर वकिलांना वाद घालू द्या. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा तपासनीस गाडीखाली वाकला, आणि न कळवलेला बदल त्याला दिसला, तर तो वाद घालत नाही. तो वहीत लिहितो. शिवाय कर्ज फिटेपर्यंत गाडीच्या नोंदणीपुस्तकावर बँकेचं नाव असतं. सात वर्षं ती गाडी आमच्याकडे तारण आहे. आमच्या तारणाची उंची आम्हाला न विचारता कमी करणारा तू कोण? उद्या गहाण ठेवलेल्या पाटल्यांतला एक तुकडा ‘लूक’साठी कापून नेलास तर चालेल?

जर्मनीचं उदाहरण भाचा फार देतो. देऊ दे. तिथं स्प्रिंग विकतानाच तिच्याबरोबर ती कुठल्या गाडीला चालते त्याचा तांत्रिक दाखला देतात. बसवल्यावर गाडी तपासून घ्यावी लागते आणि बदल कागदोपत्री चढतो. म्हणजे जर्मन माणसाची हौससुद्धा फायलीत असते. आम्ही कारकून मंडळी या देशाला मनातून फार मानतो.

आता शेवटचा आक्षेप, जो भाचा तोंडावर करत नाही पण करतो: ‘तुम्हा लोकांना तरुणांची हौस बघवत नाही.’ साफ खोटं आहे. मराठवाड्यात हौसेला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. लोह्याजवळ माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे सजतात, उंट सजतात. पोळ्याला बैल असा सजतो की नवरदेव बाजूला पडावा. काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांनी कमानीत एक पाटा वाढवून त्यात पंधरा माणसं बसवली. तेही बेकायदाच, पण निदान पाटा माणसांसाठी वाढवला. गाडीला झालर लावा, आरशाला लिंबू बांधा, मागच्या काचेवर आईचा आशीर्वाद लिहा, आमची ना नाही. पण बैल सजवताना त्याचे पाय कुणी चार बोटं कापत नाही. आणि ज्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलंय त्याच गाडीतून आईच्या आईला सात वेळा उतरवत नाही. हौस ज्याची त्यानं तिचं भाडं भरावं. इथं हौस नातवाची, हप्ता बापाचा आणि भाडं आजीच्या मणक्यानं भरायचं! हा जमाखर्च कुठल्याच वहीत जुळत नाही.

आम्ही बंदी मागत नाही. बंदीनं काय होतं ते आम्हाला गुटख्याच्या पुड्यांवरून ठाऊक आहे. आम्ही फक्त अटी घालतो, आणि त्या परिपत्रकाच्या भाषेत घालतो, म्हणजे निदान बँकवाले तरी घाबरतील.

एक: स्प्रिंग कापू नये, तापवू नये. ज्याची ऐपत तयार संचाची आणि त्याला जुळणाऱ्या शॉकअपची नाही, त्यानं गाडी कंपनीनं दिली तशी ठेवावी. ती वाईट दिसत नाही. दोन: दाबलेली स्प्रिंग काढताना-घालताना स्प्रिंग दाबायचं अवजारच वापरावं, दोरी आणि दगड नव्हे, पुढच्या एका चाकावर अडीच-पावणेतीनशे किलोचा भार पेलणारी ती वस्तू सुटली तर मिस्त्रीच्या कवटीचा मान राखत नाही. तीन: रबरं नवी, टोक खाचेत, शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी असताना. चार: लगेच चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं, नाहीतर टायर आतल्या कडेनं झिजतात आणि वरून नवे दिसत राहतात, पुढच्या दिव्यांचा झोतही पुन्हा लावून घ्यावा. पाच: बदल बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवावा.

सहावी अट सर्वांत महत्त्वाची. गाडीत नेहमी बसणाऱ्या सर्वांत वयस्कर माणसाची काम करण्यापूर्वी सही घ्यावी. सही येत नसल्यास अंगठा चालेल. अंगठा ओळखायची आम्हाला सवय आहे. त्या अंगठ्याखाली एवढंच लिहिलेलं असावं: ‘मला वाटेत उतरवणार नाहीत.’

ज्या तरुणांना या अटी मान्य नसतील त्यांनी खुशाल आमच्या काउंटरवर यावं. चर्चेला आम्ही तयार आहोत. रांगेत उभं राहावं, आणि येताना गाडी घेऊन यावी. बँकेच्या दारात आम्ही परवाच एक गतिरोधक घालून घेतला आहे.